उन्हाळा झोपून काढणारं फूल

१९२७ साली अमेरिकेत 'डाइक्स पदक' पहिल्यांदा दिलं गेलं. आयरिस वाढवणाऱ्यांच्या जगात याहून मोठा मान नाही. त्या काळी अमेरिकी बागकामाची सूत्रं पूर्व किनाऱ्यावरच्या हौशी धनिकांच्या आणि नर्सरीवाल्यांच्या हातात होती. पुस्तकं तिथली, नियतकालिकं तिथली, वेळापत्रकंही तिथल्याच हवामानाची. पहिलं पदक मात्र पार पश्चिम टोकाला गेलं. 'सॅन फ्रान्सिस्को' नावाच्या, पांढऱ्या पाकळ्यांच्या कडांवर फिकट जांभळी नक्षी असलेल्या आयरिसला ते मिळालं. हे फूल वाढलं होतं सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या माउंट ईडन या गावात, जिथे मे महिना उजाडला की ऑक्टोबरपर्यंत आभाळाकडे पाहण्यात अर्थ नसतो. ज्याने हे फूल घडवलं तो विल्यम मोर पदक पाहायला हयात नव्हता. १९२३ सालीच एका अपघातात त्याचा मृत्यू झाला होता.

हे पदक नशिबाने मिळालेलं नव्हतं. मोरने आपल्या बागेत जी रोपं एकमेकांशी जुळवली, त्यांचे पूर्वज तुर्कस्तान, सिरिया आणि पॅलेस्टाइनच्या उघड्या, दगडाळ, उन्हाने भाजून निघणाऱ्या टेकड्यांवरचे होते. कोरड्या प्रदेशातलं हे फूल पावसाळी इंग्लंडमार्गे पुन्हा एका कोरड्या प्रदेशात पोहोचलं आणि तिथे खऱ्या अर्थाने घरी आल्यासारखं बहरलं. उष्ण, कोरड्या मुलखात बाग कशी उभी राहते, याचा धडा या प्रवासात आहे.

आयरिस महाराष्ट्रात फारसा ओळखीचा नाही. काश्मीरला जाऊन आलेल्यांनी एप्रिल-मेमध्ये जांभळे, निळे, पांढरे ताटवे पाहिलेले असतात, बाकीच्यांना तो व्हॅन गॉगच्या चित्रातून माहीत असतो. १८८९ च्या मे महिन्यात दक्षिण फ्रान्समधल्या सें-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाल्याबरोबर व्हॅन गॉगने तिथल्या बागेतले आयरिस रंगवले. तो भागही कोरड्या उन्हाळ्याचाच. योगायोग असा की ते चित्र आज लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे.

आयरिसच्या जवळपास तीनशे जाती आहेत, सगळ्या उत्तर गोलार्धातल्या. त्यांतल्या काही पाणथळीत वाढतात, काही बर्फाळ डोंगरांवर. बागांमध्ये सर्वाधिक मान मिळवला तो 'दाढीवाल्या' आयरिसने. त्याच्या तीन पाकळ्या वर उभ्या राहतात, तीन खाली झुकतात आणि झुकलेल्या पाकळ्यांच्या मध्यावर मऊ केसांचा एक पट्टा असतो. हा आयरिस आल्याच्या गड्ड्यासारख्या आडव्या कंदातून वाढतो. हा कंद जमिनीत खोल पुरलेला त्याला सोसत नाही. त्याची पाठ मातीबाहेर डोकावत राहिली पाहिजे, तिच्यावर ऊन पडलं पाहिजे. पाऊस थंडीत पडतो अशा प्रदेशातलं हे झाड असल्याने त्याचं वर्ष शरदात सुरू होतं. पहिल्या सरींबरोबर नवी मुळं फुटतात, थंडीत आणि वसंताच्या सुरुवातीला पानं वाढतात, मार्च ते मेच्या दरम्यान फुलं येतात. मग पाऊस थांबतो, जमीन तडकते आणि हे झाड वाढ थांबवून कंदात साठवलेल्या शिदोरीवर उन्हाळा झोपून काढतं.

या झोपेत त्याला सर्वांत मोठा धोका असतो तो पाण्याचा. गरम मातीत ओल राहिली की जिवाणूंमुळे कंद कुजायला लागतो. वरची पानं हिरवी दिसत असतात, हलकेच ओढलं तर पानांचा पंखाच हातात येतो, आणि खालचा कंद बोटाने दाबला तर लगदा झालेला असतो. त्याला येणारी दुर्गंधी एकदा घेतली की विसरता येत नाही. तहानेने मेलेल्या आयरिसपेक्षा प्रेमाने पाणी घालून मारलेले आयरिस कितीतरी जास्त.

माणसाने हे झाड फार पूर्वीच जवळ केलं. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात इजिप्तचा राजा तिसरा थुटमोस सिरियावर चालून गेला आणि परतताना तिथल्या वनस्पती घेऊन आला. कर्नाकच्या मंदिरातल्या त्याच्या उत्सवगृहात एका दालनाच्या भिंतींवर त्या कोरलेल्या आहेत. 'वनस्पती उद्यान' म्हणूनच ते दालन ओळखलं जातं, आणि तिथल्या कोरीवकामात अभ्यासकांना आयरिसही सापडला आहे. जिंकलेल्या देशाची संपत्ती म्हणून सोन्या-गुरांबरोबर झाडंही मोजली गेली, ही गोष्ट बागकामाच्या इतिहासात मोलाची आहे.

त्याहून मोठा प्रवास केला तो अरबस्तानातल्या एका पांढऱ्या आयरिसने. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव आयरिस अल्बिकन्स. येमेन आणि सौदी अरेबियातलं हे झाड मुस्लिम कुटुंबांनी आपल्या माणसांच्या कबरींवर लावलं. इस्लाम जिथे जिथे पोहोचला तिथे तिथे तेही पोहोचलं. भूमध्य समुद्राच्या दोन्ही काठांवर ते पसरलं, पश्चिमेला थेट स्पेनपर्यंत गेलं. १८६० साली एका डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेही स्पेनमधल्या रोपावरून. पुढे स्पॅनिश वसाहतींच्या वाटेने ते अमेरिकेत गेलं आणि टेक्सासमधल्या जुन्या दफनभूमींत आजही फुलतं. विशेष म्हणजे हे झाड बी धरत नाही. म्हणजे येमेनपासून टेक्सासपर्यंत त्याचा प्रत्येक गड्डा कुणीतरी हाताने उकरला, सोबत नेला आणि पुन्हा लावला. कबरीवर रोज पाणी घालायला कोण येणार? पाण्यावाचून वर्षानुवर्षं तग धरणारं आणि तरीही दर वसंतात फुलणारं झाड म्हणूनच लोकांनी त्याची निवड केली.

काश्मीरमध्येही हीच रीत दिसते. तिथला पांढरा-निळसर आयरिस कबरस्तानांत लावला जातो, आणि जुन्या घरांच्या मातीच्या छपरांवर ट्यूलिपबरोबर आयरिसही रुजवले जात. छपरावरची माती उन्हाळ्यात लवकर सुकते आणि पाणी साचत नाही. आयरिसला तेच हवं असतं. १६२० साली जहांगीर बादशहा काश्मीरमध्ये असताना त्याच्या पदरच्या उस्ताद मन्सूरने शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढली, असं बादशहाने स्वतःच्या आठवणींत नोंदवलं आहे. मोगल कलेत फुलांचं वेड शिरलं ते त्या सुमारास. ताजमहालच्या संगमरवरी भिंतींच्या खालच्या पट्ट्यात उठावाने कोरलेल्या फुलांमध्ये आयरिस स्पष्ट ओळखू येतो.

टस्कनीच्या शेतकऱ्यांनी या झाडावर चरितार्थ चालवला. फ्लॉरेन्सच्या आसपासच्या कियांती डोंगरांत पायऱ्या-पायऱ्यांच्या, दगडी बांधांच्या जमिनी आहेत. द्राक्षं आणि ऑलिव्ह लावून उरलेल्या कोरड्या कडांवर आयरिस लावला जाई. तीन वर्षांनी कंद उकरायचे, कोयत्यासारख्या वाकड्या छोट्या सुरीने एकेक सोलायचे, उन्हात वाळवायचे आणि मग आणखी काही वर्षं कोठारात ठेवायचे. ताज्या कंदाला नाव घ्यावं असा वास नसतो. हवेशी संयोग होत होत त्यात हळूहळू व्हायोलेट फुलांची आठवण करून देणारा सुगंध तयार होतो. अत्तर आणि पावडरच्या धंद्यात हा वाळलेला कंद 'ओरिस' म्हणून विकला जातो आणि आजही सुगंधाच्या बाजारातल्या महागड्या मालात त्याची गणना होते. पाण्याची सोय नसलेल्या उतारावर वाढणारं, खत न मागणारं आणि विकायला घाई नसलेलं पीक म्हणून डोंगरातल्या शेतकऱ्याला ते परवडत होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या फुलाच्या इतिहासाने वळण घेतलं, आणि ते घडवलं एका शरीरशास्त्रज्ञाने. मायकेल फॉस्टर केंब्रिज विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक आणि रॉयल सोसायटीचे चिटणीस होते. केंब्रिजजवळच्या ग्रेट शेलफर्ड इथे चुनखडीच्या कोरड्या टेकडीवर त्यांची बाग होती. इंग्लंडच्या मानाने ती जागा पाण्याचा उत्तम निचरा होणारी, त्यामुळे ओल्या मातीत कुजणारे आयरिस तिथे जगत. फॉस्टर यांनी तुर्कस्तान आणि आसपासच्या मुलखात काम करणाऱ्या मिशनऱ्यांशी आणि शिक्षकांशी पत्रव्यवहार सुरू केला. रानात आयरिस दिसला तर त्याचे कंद पाठवा, अशी विनंती ते करत. कोरडे कंद महिनाभराचा टपालप्रवास सहज सोसत, कारण झोपेत असताना मातीबाहेर राहण्याची त्यांना सवयच असते. १८८५ च्या सुमारास तुर्कस्तानातल्या अमास्याहून आलेलं एक रोप 'आमास' या नावाने प्रसिद्ध झालं. सायप्रस, ट्रॉय परिसर आणि मेसोपोटेमिया इथूनही असेच दणकट, मोठ्या फुलांचे आयरिस आले.

ही रोपं युरोपातल्या जुन्या बागेतल्या आयरिसपेक्षा सगळ्याच बाबतींत मोठी होती. दांडा उंच, फूल रुंद, पाकळी जाड. त्याचं कारण पुढे १९२०-३० च्या दशकांत सूक्ष्मदर्शकाखाली सापडलं. युरोपातल्या जुन्या बागांमधल्या आयरिसच्या पेशीत २४ गुणसूत्रं होती, तर पश्चिम आशियातल्या या दणकट आयरिसमध्ये ४८. फॉस्टर यांना गुणसूत्रांची ही गणती ठाऊक नव्हती. त्यांनी डोळ्यांवर भरवसा ठेवला, मोठ्या फुलांचा परागकण लहान फुलांवर नेला आणि निगुतीने नोंदी ठेवल्या. त्यांच्या बागेतली 'कॅटेरिना', 'लेडी फॉस्टर', 'काश्मीर व्हाइट' ही नावं १९०७ साली त्यांच्या मृत्यूनंतर नर्सरीच्या यादीत झळकली. त्यांचाच वारसा चालवत चार्टरहाउस शाळेतले शिक्षक विल्यम डाइक्स यांनी १९१३ साली 'द जीनस आयरिस' हा ग्रंथ लिहिला. सुरुवातीला उल्लेख आलेलं पदक त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

इंग्लंडमध्ये मात्र या पाहुण्यांची एक तक्रार कायम राहिली. शरदात पाऊस पडला की ते जागे होत, थंडीतच पानं वाढवत, आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या कडाक्यात ती कोवळी वाढ गोठून जाई. दक्षिण फ्रान्समध्ये बालारुकच्या समुद्रकाठी बाग करणाऱ्या फर्डिनंड डेनिस यांना हा त्रास नव्हता. पॅलेस्टाइनकडून आलेल्या 'रिकार्डी' नावाच्या मोठ्या फुलाच्या आयरिसपासून त्यांनी संकरित रोपं केली. पॅरिसच्या उत्तरेला ती थंडीने मरत, बालारुकला जोमाने फुलत. ही रोपं जिथे खऱ्या अर्थाने रुजणार होती ती जागा होती कॅलिफोर्निया.

कॅलिफोर्नियाचा किनारी भाग आणि मधलं खोरं भूमध्य सागरी हवामानाचं. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा ठणठणीत कोरडा. लॉस एंजेलिसला वर्षाला सरासरी पावणेचारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या सोलापूर-नगरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यापेक्षाही कमी. १७६९ पासून स्पॅनिश पाद्र्यांनी तिथे मिशनची साखळी उभारली तेव्हा त्यांनी सोबत आणली ऑलिव्ह, अंजीर, द्राक्ष आणि डाळिंब. ती त्यांच्या मायदेशातली, तशाच हवेची झाडं होती. पाट काढून थोडकं पाणी दिलं की ती तगली.

१८४९ नंतर सोन्याच्या शोधात आणि पुढे रेल्वेने आलेल्या लोकांच्या मनातली बाग वेगळी होती. ते पूर्व किनाऱ्यावरून, इंग्लंडमधून, जर्मनीतून आले होते. घरासमोर हिरवंगार गवत आणि कडेने गुलाब, हायड्रेंजिया असं चित्र त्यांना हवं होतं. त्या हिरवळीला उन्हाळाभर पाणी लागणार होतं आणि ते उन्हाळ्यात पडत नव्हतं. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी विल्यम मलहॉलंड यांच्या देखरेखीखाली बांधलेला, सुमारे पावणेचारशे किलोमीटर लांबीचा कालवा सुरू झाला आणि सिएरा नेवाडाच्या पलीकडच्या ओवेन्स खोऱ्याचं पाणी लॉस एंजेलिसला आलं. शहर वाढलं, लॉन हिरवी झाली. ओवेन्स खोऱ्यातली शेती मात्र उजाड होत गेली आणि तिथलं मोठं तळं १९२० च्या दशकात आटून त्याच्या जागी खारट धुळीचं पात्र उरलं.

याच काळात काही माणसं उलट्या दिशेने विचार करत होती. सॅन डिएगोच्या केट सेशन्स यांनी १८९२ साली शहराच्या उद्यानातली तीस-एक एकर ओसाड जागा नर्सरीसाठी मागितली. भाड्याऐवजी त्यांनी दरवर्षी उद्यानात शंभर आणि शहरात तीनशे झाडं लावण्याचा करार केला. आजचं बाल्बोआ पार्क ते हेच. दक्षिण अमेरिकेचा जकरंदा त्या शहराच्या रस्त्यांवर दिसू लागला तो मुख्यतः त्यांच्यामुळे. सांता बार्बराला फ्रान्सेस्को फ्रान्चेस्की हा इटालियन जगभरच्या कोरड्या प्रदेशांतून बिया मागवून त्यांची परीक्षा घेत होता. १८९५ मध्ये तिथल्या परदेशी झाडांची यादीच त्याने छापली. थिओडोर पेन हा इंग्रज तरुण १८९३ साली लॉस एंजेलिसला आला आणि तिथल्या रानफुलांच्या प्रेमात पडला. बाकीचे ज्यांना तण म्हणत त्यांच्या बिया त्याने गोळा केल्या, विकल्या, आणि १९१५ साली एक्स्पोझिशन पार्कमध्ये पाच एकरांत २६२ प्रकारच्या स्थानिक वनस्पतींची बाग उभी केली.

या मंडळींच्या मालिकेत सिडनी मिचेल शोभून दिसतो. हा मूळचा कॅनडातल्या माँट्रियलचा, पेशाने ग्रंथपाल. बर्कलीच्या विद्यापीठात ग्रंथपालांचं शिक्षण देणाऱ्या विभागाचा तो संस्थापक-प्रमुख होता. थंडीच्या प्रदेशातून आलेल्या या माणसाला कॅलिफोर्नियाचं बागेचं वर्षच वेगळं आहे हे लवकर उमगलं. १९२३ साली त्याने 'गार्डनिंग इन कॅलिफोर्निया' हे पुस्तक लिहिलं. इंग्लंड-फ्रान्समधून फॉस्टर आणि डेनिस यांच्या परंपरेतले आयरिस त्याने आणि त्याचा मित्र विल्यम मोर याने मागवले. इंग्लंडमध्ये ज्या अवेळी जाग येण्याने त्यांचा नाश व्हायचा, तीच सवय इथे गुण ठरली. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात जागं होणं, सौम्य हिवाळ्यात वाढणं, वसंतात फुलणं, कोरड्या उन्हाळ्यात झोपणं. माउंट ईडनचं पंचांग आणि या रोपांचं पंचांग एकच होतं.

मोरच्या मृत्यूनंतर त्याची अर्धवट राहिलेली रोपं मिचेलने आपल्या हाती घेतली. शेकडो रोपांतून निवड करून त्याने 'सॅन फ्रान्सिस्को', 'लॉस एंजेलिस' आणि शुभ्र 'प्युरिसिमा' बाजारात आणली. प्रत्येक ठिकाणी मोरचं नाव आपल्या नावाआधी राहील याची त्याने काळजी घेतली. आयरिसच्या नोंदवहीत आजही 'मोर-मिचेल' असाच उल्लेख सापडतो. मित्राच्या कामाचं श्रेय असं जपणारी माणसं कुठल्याही क्षेत्रात थोडी. 'प्युरिसिमा' थंड प्रदेशात टिकेना, पण तिच्यापासून सॅन होजेच्या क्लारा रीस यांना १९३९ मध्ये 'स्नो फ्लरी' हे झालरीच्या पाकळ्यांचं पांढरं फूल मिळालं. आज जगभरच्या बागांत लाटेसारख्या कडांचे जे आयरिस दिसतात, त्यांतल्या बहुतेकांच्या वंशावळीत 'स्नो फ्लरी' आहे.

मोरने आणखी एक धाडस केलं होतं. पश्चिम आशियाच्या निमवाळवंटात ऑन्कोसायक्लस नावाचा आयरिसचा एक गट आहे. मोठी, जवळजवळ गोल फुलं, पाकळ्यांवर शिरांचं दाट जाळं, मध्यभागी गडद काळपट ठिपका. जॉर्डनचं राष्ट्रीय फूल असलेला काळा आयरिस याच गटातला. राखी-जांभळ्या रंगाचा 'सुसियाना' तर सोळाव्या शतकातच इस्तंबूलहून व्हिएन्नाला पोहोचला होता. पण या गटाचा हट्ट विलक्षण. उन्हाळ्यात माती पूर्ण कोरडी हवी, एखाद-दुसरी सरही खपत नाही. बीसुद्धा एका वर्षात सगळं उगवत नाही. काही दाणे दहा वर्षांनीही कोंब काढतात. रानात ही त्याची दुष्काळाविरुद्धची तरतूद. एक वर्ष पाऊस फसला तरी सगळा वंश बुडत नाही.

१८९० साली फॉस्टर यांनी मार्दिन परिसरातल्या अशाच एका जातीला तिथल्या गेट्स नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याचं नाव दिलं होतं. त्या गेट्सी आयरिसचा परागकण मोरने साध्या दाढीवाल्या आयरिसवर नेला आणि त्यातून आलेलं, शिराळ जांभळं फूल १९२५ मध्ये 'विल्यम मोर' या नावाने प्रसिद्ध झालं. पुढे रेडलँड्सच्या क्लेरन्स व्हाइट यांनी या वाटेवर आयुष्य वेचलं. अशा संकरांना बी धरत नाही ही मोठी अडचण होती. व्हाइट यांनी चिकाटीने बी धरणारी रोपं मिळवली आणि वाळवंटी आयरिसचं रूप सामान्य बागेत आणलं. अमेरिकन आयरिस सोसायटीची या प्रकारातली दोन पदकं आज मोर आणि व्हाइट यांच्याच नावाने दिली जातात. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीसारख्या, वर्षाला अडीचशे मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या शहरात या आयरिसचे हौशी पालक सर्वाधिक उत्साहाने जमतात.

या शंभर वर्षांत कोरड्या मुलखातल्या माळ्यांनी जी लागवडीची रीत बसवली ती पाहण्यासारखी आहे. ॲरिझोनाच्या तळपत्या सपाटीवर कंद लावतात ते सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये, उन्हाची धग ओसरल्यावर. खड्डा उथळ खणतात, मधोमध मातीचा छोटा वरंबा करतात, त्यावर कंद स्वाराने मांड ठोकावी तसा बसवतात आणि मुळं दोन्ही उतारांवर पसरून त्यांवर माती दाबतात. पानांचा पंखा एक-तृतीयांशापर्यंत कापून टाकतात, म्हणजे मुळं धरेपर्यंत पानांतून पाणी उडून जात नाही. लावताना एकदा भरपूर पाणी, मग वाढीच्या महिन्यांत माती सुकली की पुन्हा. फुलं झाल्यावर हात आखडायचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर दिवसभराचं ऊन चालतं, आतल्या वाळवंटात दुपारची तिरीप अडवणारी सावली लागते. तीन-चार वर्षांनी दाटी झाली की सगळं बेट उकरायचं, मधला म्हातारा कंद टाकून द्यायचा आणि बाहेरचे तरुण तुकडे पुन्हा लावायचे. उरलेले शेजाऱ्यांना वाटायचे, हाही त्या रीतीचाच भाग.

लॉनचं काय झालं? १९७६-७७ च्या दुष्काळात कॅलिफोर्नियाला मोठा हिसका बसला. १९८१ मध्ये डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने कमी पाण्याच्या बागेची एक शिस्तबद्ध पद्धत मांडली. हवेला साजेशी झाडं, सारख्या तहानेची झाडं एकत्र, मातीवर आच्छादन, गवत गरजेपुरतंच. एप्रिल २०१५ मध्ये सलग चौथ्या कोरड्या वर्षात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात आणि पाच कोटी चौरस फूट लॉन काढण्याचा आदेश दिला. शेजारच्या नेवाडाने तर २०२१ मध्ये कायदाच केला, की लास वेगास परिसरातल्या सार्वजनिक आणि व्यापारी जागांवरच्या निव्वळ शोभेच्या गवताला २०२६ नंतर कोलोराडो नदीचं पाणी मिळणार नाही. ज्या हिरवळीसाठी कालवे खणले, तीच पैसे देऊन उकरण्याची वेळ आली. सेशन्स, पेन आणि मिचेल यांनी जे आपापल्या वाफ्यात दाखवून दिलं होतं, ते सरकारी आदेशात उतरायला शंभरेक वर्षं लागली.

या इतिहासाकडे महाराष्ट्राने पाहावं ते आयरिस लावण्यासाठी नव्हे. आपला पाऊस जून ते सप्टेंबर पडतो. नेमक्या ज्या महिन्यांत दाढीवाल्या आयरिसला कोरडी झोप हवी, त्याच महिन्यांत आपली माती चिंब असते आणि हवा दमट. मागवलेले कंद एखादा हिवाळा दिमाखात काढतील आणि मृगाच्या पावसानंतर कुजतील. त्या कंदांचा यात दोष नाही.

आपल्याकडे उलट्या पंचांगाची झाडं आहेत. सह्याद्रीतली कळलावी, रानहळद, पांढरी मुसळी पावसाबरोबर फुटतात, फुलतात, दिवाळीच्या आगेमागे पिवळी पडतात आणि पुढचा सगळा कोरडा काळ कंदात झोपून काढतात. बाहेरून येऊन आपल्या अंगणात रुळलेली झाडंही त्याच धाटणीची. मेक्सिकोचा निशिगंध, मध्य अमेरिकेचा चाफा, वळवाच्या सरीनंतर उमलणारी लिली, आणि बाल्कनीतल्या कुंडीत कित्येक महिने निपचित पडून मे महिन्यात लालभडक चेंडू उभा करणारं आफ्रिकेचं मे फ्लॉवर. यांतलं एकही झाड मार्च-एप्रिलमध्ये टँकरचं पाणी मागत नाही.

तरीही पुण्यापासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत नव्या सोसायट्यांच्या आराखड्यात पहिली जागा लॉनला मिळते आणि एप्रिलमध्ये तिच्यावर फवारे सुरू असतात. मराठवाड्यात गावोगाव टँकर फिरत असताना हे चित्र शोभत नाही. कॅलिफोर्नियाने ही चूक करून, मोठी किंमत मोजून ती दुरुस्त करायला घेतली आहे. आपल्याला ती टाळता येईल. बाग आखताना नर्सरीवाल्याला फुलाचा रंग विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा, हे झाड वर्षातले कोणते महिने झोपतं? ते महिने आणि आपल्या गावातले पाणीटंचाईचे महिने जुळत असतील, तर ते झाड जरूर घरी आणावं.